दीड मिनिटाचं पाणी

करडी गावात श्रावण गभणेला सगळे 'नेव्हीवाले' म्हणतात. वय पंचावन्नच्या घरात, अंगाने सडपातळ, चालणं सावकाश. त्याच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला जाऊन जरा मोठ्याने बोलावं लागतं. डावा कान गेल्यातच जमा आहे आणि उजवाही कुरकुरत चालतो. ऐकू आलं नाही की तो "हो जी" म्हणतो. सारखं "काय म्हणता?" विचारायचा त्याला कंटाळा आहे. अशाच एका "हो जी"मुळे तो एकदा गणेश मंडळाचा अध्यक्ष झाला होता आणि ते त्याला मिरवणुकीच्या दिवशी कळलं.

आयटीआय करून तो १९८९ साली नौदलात भरती झाला. वडील गोमाजी धानाची शेती करायचे. त्यांनी वैनगंगेपेक्षा मोठं पाणी कधी पाहिलं नव्हतं. पोरगा समुद्रावर जाऊन विमान दुरुस्त करणार, याची संगतीच त्यांना लागेना. "पाण्यावर जाऊन रायला तर मंग विमान कायचं?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे.

विमान होतं सी हॅरियर. प्रशिक्षणात चीफ वर्गीस नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर धावपट्टी काढली आणि पुसून टाकली. लढाईत शत्रू आधी धावपट्टीच फोडतो, ते म्हणाले, मग विमान उडणार कुठून? म्हणून जागच्या जागी उठणारं विमान बनवायचा ध्यास मोठ्या देशांनी घेतला होता. इंग्रजांनी आधी एक लोखंडी सांगाडा केला, दोन इंजिनांचा झोत खाली वळवला आणि वर माणूस बसवून तो उचलून पाहिला. लोक त्याला उडती खाट म्हणायचे. फ्रेंचांनी एकाच विमानात उडायला एक आणि उचलायला आठ इंजिनं घातली. एकदा वर गेल्यावर ती आठ इंजिनं म्हणजे नुसतं ओझं. शेवटी इंजिन एकच ठेवायचं, त्याची हवा चार तोंडांतून बाहेर काढायची आणि ती तोंडंच फिरवायची, ही युक्ती लागू पडली. तोंडं खाली केली की विमान वर, मागे केली की पुढे. पहिल्यांदा ते विमान उचललं तेव्हा दोरांनी जमिनीला बांधून ठेवलं होतं आणि वैमानिकाचा एक पाय प्लास्टरमध्ये होता.

ते प्लास्टर श्रावणच्या डोक्यात बसलं. एवढं मोठं काम, आणि माणूस लंगडत आला आणि करून गेला.

पुढची सत्तावीस वर्षं त्याची त्या चार तोंडांतच गेली. काही वर्षं गोव्याला दाबोळीच्या तळावर, काही 'विराट' जहाजावर. ती तोंडं, म्हणजे नॉझल्स, साखळीने एकमेकांना जोडलेली असायची. एकटं एक फिरत नाही, चारही सोबतच फिरतात. त्यांचं वंगण, त्यांची साखळी, त्यांचे कोन हे श्रावणचं काम. आणि दुसरं काम पाण्याचं. विमान हवेत उभं राहतं तेव्हा त्याला पंखांचा काही उपयोग नसतो, सगळा भार इंजिनावर येतो. आपल्याकडच्या उन्हात तर इंजिन फारच तापायचं, म्हणून त्यात शुद्ध पाणी फवारावं लागे. टाकीत सव्वादोनशे लिटर पाणी मावायचं आणि ते दीड मिनिटात संपायचं. त्या दीड मिनिटात वैमानिकाने जहाजाच्या बाजूला येऊन हवेत थांबायचं, आडवं सरकायचं आणि डेकवर उतरायचं. टाकी नीट भरली आहे ना, हे श्रावण तीनतीनदा पाहायचा. सहकारी हसायचे. तो म्हणायचा, "पाहून घेतलं तर काय बिघडते?" पुढे डेकवर उभं राहून, उतरणाऱ्या विमानाला हाताच्या खुणा करून थांबवायचं आणि उतरवायचं कामही त्याच्याकडे आलं.

कान मात्र त्याने स्वतःच घालवले. कानावरचे रक्षक काढू नका, हे सगळ्यांना बजावलेलं असायचं. पण बेअरिंग खराब व्हायला लागलं की इंजिनाच्या आवाजात एक बारीक किरकिर मिसळते, आणि ती कान उघडा ठेवल्याशिवाय समजत नाही, असं त्याचं मत होतं. म्हणून तो डावा रक्षक जरा वर सरकवायचा. अर्धं मिनिट, रोज. सत्तावीस वर्षं.

गावाला तो वर्षातून एकदा यायचा. लग्न झाल्यावर आनंदाबाई दोन वर्षं गोव्याला राहिली, मोना तिथेच झाली. मग गोमाजींना लकवा मारला, एक बाजू गेली. सासू आधीच वारलेली. "मी जातो करडीले," आनंदाबाईच म्हणाली. "तुमी तं जहाजावरच रायता, मी इथं भिंतीसंग बोलू काय?" ती गेली ती गेलीच. गोमाजी चार वर्षं खाटेवर होते. त्यांना उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, शेतावरची माणसं, धानाची मळणी, मोनाची शाळा, सगळं तिच्या एकटीवर.

एका सुटीत गोमाजींनी श्रावणला खाटेजवळ बोलावलं. जीभ जड झाली होती.

"तुहा विमान हवेत उभा रायते म्हनतेस."

"हो बाबा."

"पडत काहून नाही?"

श्रावणने हाताने करून दाखवलं. चार तोंडं, खाली झोत. गोमाजींनी ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. "थकत असन बिचारा," ते म्हणाले. श्रावणला हसू आलं नाही. बापाला आपल्यापेक्षा बरोबर समजलं आहे असं त्याला वाटलं.

ते गेले तेव्हा जहाज फार दूर होतं. श्रावण घरी पोचला तो तेरवीच्या आदल्या दिवशी. आनंदाबाई अंगणात भांडी घासत होती. तिने वर पाहिलं, "आले काय?" म्हटलं, आणि पुन्हा घासायला लागली. त्यावर दोघांचं पुढे कधीही बोलणं झालं नाही.

२०१६ च्या मे महिन्यात ती विमानं सेवेतून काढली. दाबोळीला समारंभ झाला. नवी विमानं आली होती, पण ती हवेत उभी राहणारी नव्हती. ती धावत जाऊन उडायची आणि उतरताना डेकवरच्या तारेत अडकायची. चार तोंडांचं काम जाणणाऱ्या माणसाला त्यांच्यावर काही काम नव्हतं. श्रावणनेही त्याच वर्षी निवृत्ती घेतली आणि करडीला येऊन धान लावायला लागला. ते तो बेताचंच करतो. रोवणीच्या दिवसांत त्याची पाठ दुखते आणि आनंदाबाई त्याला चिखलाने भरलेल्या बांधीतून बाहेर काढते.

मोनाचं लग्न तुमसरला झालं. एकदा माहेरी आली तेव्हा तिने मोबाइलवर त्याला अमेरिकेचं नवं विमान दाखवलं. वैमानिकाच्या मागे एक झाकण उघडतं, आत मोठा पंखा, तो विमानाला पुढून उचलून धरतो आणि मागचं तोंड खाली वाकतं. बाकीचं सगळं संगणक सांभाळतो. श्रावणने ते चार वेळा पाहिलं.

"कसं आहे बाबा?"

"मस्त आहे. याले वैमानिकानं काही कराच नाही लागत," तो म्हणाला आणि मोबाइल परत दिला.

मागच्या वर्षी कार्तिकात धान कापून झालं आणि मोनाच्या ओळखीतून तुमसरकडच्या एका कॉलेजचा फोन आला. प्राचार्य बाई बोलत होत्या. त्यांच्या कॉलेजला सेवेतून काढलेलं एक विमान मिळालं होतं, दारासमोर खांबावर बसवायला. विमान दोन ट्रेलरवर आलं होतं, धड वेगळं आणि पंख वेगळा. ठेकेदाराच्या माणसांना ते जुळवता येत नव्हतं. श्रावणला निम्मंच ऐकू आलं. तो म्हणाला, "हो जी."

"कोनाचा फोन होता?" आनंदाबाईने विचारलं.

"विमान आलं म्हनते."

"कोनतं?"

"आपलंच असन."

"जाता काय मंग?"

"हो म्हटलं ना आता." तो असा बोलला की जणू कुणी त्याला पुन्हा ड्यूटीवर बोलावलं होतं.

कॉलेजच्या मैदानात विमान ताडपत्रीखाली पडलं होतं. श्रावण आधी एकटाच त्याच्याभोवती फिरला. अंगावरचे नंबर रंगाने बुजवले होते. त्याच्या हातून कधीकाळी एका विमानाच्या चाकाच्या खोबणीत एक ठिगळ बसलं होतं, आठ रिव्हेटांचं, जरा तिरकं. त्याने खाली आडवं होऊन पाहिलं. ठिगळ नव्हतं. म्हणजे ते हे विमान नव्हे. कदाचित त्याचा या विमानाला कधीतरी हात लागला असेल, कदाचित नसेलही. तो उठला, गुडघे झटकले आणि कामाला लागला.

ठेकेदार कमलेश तिशीचा, हुशार, घाईतला. त्याने खांब आधीच उभा केला होता आणि वरची प्लेट तिरपी बसवली होती. विमान नाक वर करून, आभाळात झेप घेताना दिसावं, असा त्याचा नकाशा.

"हे असं नाही उठत," श्रावण म्हणाला.

"कसं म्हणता?"

"हे सरळ उठते. पाट उचलावा तसं. नाक नाही वर करत."

"काका, लोकायले झेप पाहिजे. आनि खांब तं झाला आता. पाहुने बी बलावून ठेवले."

श्रावणने खांबाकडे पाहिलं. पंचवीस वर्षांपूर्वी त्याने वाद घातला असता. आता त्याला फक्त पाणी प्यावंसं वाटलं. "हो जी," तो म्हणाला, आणि या वेळी त्याला सगळं नीट ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो पोचला तर कमलेशची दोन माणसं उजव्या बाजूच्या मागच्या नॉझलवर हातोडा मारत होती. तोंडं अर्धवट खाली वळून अडकलेली होती, ती मागे करायची होती, झेपेच्या चित्रासारखी. श्रावण धावला. निवृत्त झाल्यापासून तो पहिल्यांदाच धावला असेल.

"मारू नका! एकटं नाही फिरत ते! चारही संगच फिरतात!"

माणसं थांबली. श्रावण दम खात उभा राहिला. मग त्याने वरचं झाकण उघडलं. इंजिनाच्या आतलं कामाचं सगळं काढून घेतलेलं होतं, पण साखळी आणि दांडा जागेवर होता, गंजून घट्ट झालेला. त्याने डिझेल मागवलं. दोन दिवस तो साखळीच्या कडीकडीवर डिझेल आणि तेल सोडत बसला. माणसं मधूनमधून येऊन पाहायची, त्यांना वाटायचं म्हातारा वेळ काढतो आहे. तिसऱ्या दिवशी त्याने दांड्याला मोठा पाना लावला आणि जोर दिला. काही झालं नाही. पुन्हा दिला. साखळी कुरकुरली असावी, त्याला ती ऐकू आली नाही, पण पान्यातून हाताला समजली. चारही तोंडं एकदम बोटभर सरकली. कमलेशचा एक माणूस "अरे बापरे" म्हणून दोन पावलं मागे झाला.

तोंडं फिरायला लागली, पण ठेवायची कशी? कमलेशला मागे हवी होती. श्रावण सरळ प्राचार्य बाईंकडे गेला.

"मॅडम, हे विमान थांबून उभं रायते, हेच त्याचं काम. तोंडं खाली असली तरच ते समजन."

बाईंनी समजून घेतल्यासारखी मान हलवली. "पण काका, दिसायला मागेच बरं दिसेल ना?"

श्रावण जायला वळला. दारात थांबला. "मागं ठेवलं अन् नाक वर केलं तं मागच्या भागात पावसाचं पानी अन् कचरा जमा होईन. पाखरं घरटी करतीन. दोन वर्सांत सडन."

"असं? मग खालीच ठेवा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या कागदावर सही केली.

तो पायऱ्या उतरत असताना त्याला हसू येत होतं, पण अंगात हसण्याची ताकद नव्हती. इथेही पाण्याचं नाव घेतल्यामुळेच काम झालं होतं.

पंख धडावर चढवायला चार दिवस लागले. त्या विमानाचा पंख म्हणजे वरून ठेवायचं एकच झाकण असतं. इंजिन काढायचं तरी आधी अख्खा पंख उचलावा लागे. श्रावण रोज सकाळच्या बसने यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. डबा तो बसमध्येच विसरायचा, म्हणून शेवटच्या दिवशी आनंदाबाई स्वतः डबा घेऊन आली. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली बसली.

त्या दिवशी क्रेन आली. राइस मिलचे बॉयलर उचलणारी क्रेन, चालवणारा घनश्याम नावाचा जाडजूड माणूस. त्याने आजवर विमान उचललं नव्हतं.

"मी हात दाखवीन," श्रावण म्हणाला. "माह्याकडेच पाहा. दुसरं कोनी काही बोललं तं आयकू नका."

पट्टे लागले. श्रावण विमानासमोर जाऊन उभा राहिला, डेकवर उभा राहायचा तसा, पाय फाकवून. त्याने तळवे वर करून हात हळूहळू उचलले. क्रेन घुरघुरली. विमान जमिनीवरून सुटलं. एक हात, दोन हात, मग माणसाच्या डोक्याच्या वर. सपाट, जराही न कलता. चारही तोंडं खाली.

खांबाच्या उंचीला आल्यावर त्याने दोन्ही हात आडवे पसरले. थांब. आहेस तिथेच थांब.

विमान थांबलं. पण वर प्लेटची दोन भोकं जुळेनात. कमलेशची माणसं शिडीवर चढून कानस घासायला लागली. श्रावण हात पसरून उभाच राहिला. मिनिट गेलं. दीड मिनिट गेलं. त्याच्या डोक्यात आपोआप मोजणी सुरू झाली होती. दीड मिनिटाला तो मनात म्हणाला, पाणी संपलं. पण विमान तसंच उभं होतं. तीन मिनिटं, चार मिनिटं. खांदे भरून आले. खऱ्या विमानाला एवढा वेळ त्याने कधी थांबवलं नव्हतं.

आनंदाबाई कधी उठून त्याच्या उजव्या बाजूला आली ते त्याला समजलं नाही.

"असाच उभा राये काय जी?" तिने कानाशी विचारलं.

"असाच. पन आवाज... आवाज खूप राये."

ती वर पाहत राहिली. "इतके वर्स हेच करत होते तुमी?"

"हेच."

ती आणखी काही बोलली, ते त्याला ऐकू आलं नाही. या वेळी तो "हो जी" म्हणाला नाही. पण पुन्हा विचारायच्या आत भोकं जुळली, कमलेश ओरडला, आणि मग चेन ब्लॉकच्या साखळी-कप्पीने शेपूट खाली ओढून विमानाचं नाक वर केलं गेलं. बोल्ट आवळले. पट्टे सुटले. विमान झेप घेतल्यासारखं खांबावर बसलं. श्रावणने हात खाली सोडले, ते संध्याकाळपर्यंत वर झाले नाहीत. डबा आनंदाबाईनेच उघडून दिला.

उद्घाटनाला तो गेला. तिसऱ्या रांगेत बसला. भाषणं त्याला ऐकू आली नाहीत. शाल घ्यायला त्याचं नाव पुकारलं तेही ऐकू आलं नाही, शेजारच्याने कोपराने ढोसलं. मोनाने ते पाहिलं आणि त्याच दिवशी ठरवलं की बाबांना कानाचं मशीन लावायचं.

पुढच्या आठवड्यात तो आणि आनंदाबाई भंडाऱ्याला दवाखान्यात गेले. बसस्टँडपासून चालत, उन्हातून, एक चढ चढून. तपासणाऱ्या मुलीने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानात आवाज सोडले, कागदावर रेघ काढली. रेघ उजवीकडे जाताजाता खाली कोसळली होती.

"आवाज नसताना काही ऐकू येतं का काका?"

"शिट्टी येते. बारीक."

"केव्हापासून?"

"आठवत नाही."

"ती मशीनने जाणार नाही बरं का."

"राहू द्या," तो म्हणाला.

मशीन लावलं तेव्हा आधी पंख्याचा आवाज आला, मग बाहेरच्या माणसांची गलबल, मग कागदाची सळसळ. सगळं टोचत होतं. तो बाहेर येऊन बाकावर आनंदाबाईच्या शेजारी बसला आणि डोळे मिटले. तेव्हा अगदी जवळून त्याला एक आवाज आला. बारीक, सुईसारखा, आत जाताना एक आणि बाहेर येताना दुसरा. बेअरिंग गेलं की येतो तसा. त्याने मशीन काढून पुसलं, पुन्हा लावलं. आवाज होताच. त्याने डोळे उघडले. आनंदाबाई पदराने तोंड पुसत होती, आणि तिची छाती वरखाली होत होती.

"तुले दम लागते?"

"चढ होता ना."

"अर्धा घंटा झाला चढ चढून."

तिने पदर पुन्हा खांद्यावर घेतला.

"कधीपासून आहे हे?"

"जाऊ द्या ना. मळनीचा धुरडा, चुलीचा धूर. बाबा खाटेवर होते तवापासून आहे."

तो हिशेब करायला लागला आणि मध्येच थांबला. वीस वर्षांच्या वर झाली होती. आधी प्रत्येक सुटीत आणि निवृत्तीनंतर रोज ती त्याच्या शेजारी, त्याच्या डाव्या बाजूला झोपत होती.

"सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुमी हो जी म्हनले."

समोर केस पेपरच्या खिडकीवर रांग होती. बाराएक माणसं. श्रावणला फार थकल्यासारखं वाटत होतं, दंड अजून दुखत होते, आणि परतीची बस तासाभरात सुटणार होती. तो उठला.

"कुठं जाता? बस चुकन ना."

"चुकू दे. दुसरी राहीन."

तो रांगेत जाऊन उभा राहिला. नंबर यायला पाऊण तास लागला. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "नाव?"

"आनंदाबाई श्रावण गभणे," तो म्हणाला, आणि केस पेपर घेऊन, ती आपल्या उजव्या कानाशी येईल असा तिच्या शेजारी येऊन बसला.